चौघांनीं मिळून वाचलेलें पान



इंग्रजीचा तास म्हटला कीं एक देखावा आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. एक मुलगा उभा राहून उतारा वाचीत आहे, शिक्षक त्याचे उच्चार सुधारीत आहेत, आणि बाकीचीं मुलें आपली पाळी केव्हां येते या धास्तींत बसलीं आहेत. मीं स्वतः पुष्कळ वर्षें हेंच केलें आणि यालाच वाचन समजत आलों.

खाडीकांठच्या एका गांवीं मी शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें नावाड्याची गोष्ट घडाघडा वाचून दाखविली. मीं विचारलें, "होडी कोठें बांधली?" पुस्तकांत 'बँक' हा शब्द होता. तो म्हणाला, "बँकेला, पैसे ठेवतात तेथें." वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीहि हंसलों. त्या मुलानें पुढें वर्षभर तोंड उघडलें नाहीं. चूक त्याची नव्हती. ओठांनीं वाचणें निराळें आणि अर्थ लावणें निराळें, हें मीं त्याला कधीं शिकविलेंच नव्हतें.

याच दुखण्यावर अमेरिकेंतील अ‍ॅनमरी पॅलिंक्सार व अ‍ॅन ब्राउन या दोन विदुषींनीं १९८४ सालीं एक उपाय प्रसिद्ध केला. अक्षरें नीट वाचणाऱ्या, परंतु आशय न उमगणाऱ्या सातव्या इयत्तेच्या मुलांसाठीं तो होता. त्यास परस्पर-अध्यापन म्हणतां येईल. लहान गटानें एक परिच्छेद वाचावयाचा व चार कामें करावयाचीं: मजकुरावर प्रश्न काढणें, अडलेलें उलगडणें, सारांश सांगणें, आणि पुढें काय येईल याचा अंदाज बांधणें. आरंभीं शिक्षक हें करून दाखवितो. मग मुलें पाळीपाळीनें गटाचें पुढारीपण घेतात आणि शिक्षक हळूहळू मागें सरतो.

परभाषा शिकणाऱ्यांनाहि ही रीत उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. निवृत्तीपूर्वीं कांहीं वर्षें मीं वर्गांत चौघाचौघांचे गट केले. तीच नावाड्याची गोष्ट, तोच शब्द. या खेपेस एका कोळ्याची मुलगी, जिला दोन ओळीहि धड वाचतां येत नसत, मराठींत म्हणाली, "पण होडी पैशांच्या बँकेला कोण बांधील? ती कांठालाच बांधतात." गटानें कोश उघडला, नदीचा कांठ हा अर्थ सांपडला. त्या दिवसापासून ती मुलगी वर्गांत बोलूं लागली.

कोणी म्हणतील, अशानें हुशार मुलगाच सर्व काम उरकील. कामें पाळीनें फिरविलीं नाहींत, तर तसें होतेंच. कोणी विचारतील, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? माझ्या मतें चर्चा मातृभाषेंत खुशाल होऊं द्यावी. सारांशाचें शेवटचें वाक्य मात्र इंग्रजींत हवें. थोडा गलबला होईल, तोहि सोसावा.

महाराष्ट्रांतील मराठी शाळांतूनहि २००० सालीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें. त्यामुळें ही गोष्ट आतां घरोघरची आहे. आज रात्रीं मुलाला "वाचून दाखव" असें न म्हणतां त्याच्या शेजारीं बसा. ज्या आजीला इंग्रजीचें अक्षर ठाऊक नाहीं, तीहि "पुढें काय होईल रे?" असें विचारूं शकते.

तो माझा विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं त्याच्या बांकावर असे तिघे सोबती मीं बसविले असते, तर तो गप्प झाला नसता.