हेड का उचलतं?



अमेरिकेत 2003 ते 2007 या काळातले फोर्डचे ‘सुपर ड्यूटी’ डिझेल ट्रक आजही रस्त्यावर दिसतात. त्यांत सहा लिटरचं, आठ सिलिंडरचं ‘पॉवर स्ट्रोक’ इंजिन असे. ते बनवायची नॅव्हिस्टार ही कंपनी. या इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधली सील, उडतं, ही तक्रार इतकी पसरली की असा जुना ट्रक घेणारा आधी विचारतो, ‘स्टड टाकलेत का?’

आधी थोडा हिशेब करू. सिलिंडरचा व्यास 95 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 71 चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब 150 बार धरला, तर पिस्टन खाली रेटणारा पावणेअकरा टनांचा जोर हेडलाही वर ढकलतो. इंजिन 2000 फेऱ्यांवर असेल, तर हे प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा घडतं. त्याविरुद्ध प्रत्येक हेडला 14 मिलिमीटरचे दहा बोल्ट, म्हणजे सिलिंडरभोवती चार. आधीच्या 7.3 लिटरच्या इंजिनात ते सहा होते.

कंपनीचे बोल्ट कच्चे नव्हते. ठरलेल्या टॉर्कनंतर ते आणखी काही अंश फिरवायचे, इतके की पोलाद कायमचं ताणलं जाईल. यामुळे आट्यांमधलं घर्षण कमी-जास्त असलं तरी सगळ्या बोल्टांची पकड सारखी बसते. मात्र असा बोल्ट एकदाच वापरायचा, आणि जोर वाढला तर त्याच्याकडे राखीव ताकद फारशी उरत नाही.

बोल्टाऐवजी बसवायच्या स्टडचं, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्याचं, काम वेगळं. तो ब्लॉकमध्ये हातानेच बसवतात. वरच्या बारीक आट्यांवर नट फिरतो. बोल्ट आवळताना त्याला पीळही बसतो आणि ताणही. स्टडला मुख्यतः सरळ ताण मिळतो. शिवाय ब्लॉकचे आटे झिजत नाहीत. वंगण लावून, तीन टप्प्यांत सुमारे 285 न्यूटन-मीटरपर्यंत नट आवळतात. या कामासाठी पुष्कळ गॅरेजांत ट्रकची अख्खी केबिनच चेसिसवरून उचलतात!

एवढा खटाटोप केल्यावर मालक निर्धास्त होतो. खरी चूक इथेच होते. या इंजिनाचा ऑइल कूलर ओतकामातल्या वाळूने आणि कूलंटच्या गाळाने चोंदतो. मग त्याच्या पुढच्या ईजीआर कूलरला, म्हणजे इंजिनात परत घ्यायचा धूर थंड करणाऱ्या कूलरला, कूलंट पुरत नाही. तिथे ते उकळतं, कूलर तडकतो आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं. दाब एकदम चढतो आणि हेड उचलतं. कुणी जास्त ताकदीसाठी ट्यूनर बसवला असेल, तर ही वेळ आणखी लवकर येते. ऑइल कूलर तसाच चोंदलेला ठेवून स्टड टाकले, तर हेड जागेवर राहील, पण ईजीआर कूलर पुन्हा फुटेल.

म्हणून गाडी गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात, तेलाचं आणि कूलंटचं तापमान ताडून पाहावं. फरक आठ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर ऑइल कूलर चोंदला आहे असं समजावं. हेड उतरवलंच, तर ते सपाट आहे का आणि त्याला तडा गेला आहे का, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्यावं. वाकडं हेड स्टडने कितीही आवळलं तरी गॅस्केटवर सारखं बसत नाही. म्हणून मेस्त्रीने नव्या स्टडची किंमत सांगितली, की ऑइल कूलर बदलणार का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.