दहा शिलिंगांचे गाव

इंग्लंडातील खेडे म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. वेलींनी वेढलेले दगडी घर, चर्चचा मनोरा, हिरवे कुरण आणि संथ वाहणारा ओढा. इंग्रजी क्रमिक पुस्तकांनी हे चित्र आपल्या मनात असे पक्के बसविले आहे, की त्या घरात राहणारी माणसे रात्री काय जेवत असत, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज ज्या बालपणाची ओळख मी करून देणार आहे, त्यात मात्र हा प्रश्न सतत उभा आहे.

फ्लोरा थॉम्प्सन यांचा जन्म ५ डिसेंबर १८७६ रोजी ऑक्सफर्डशर परगण्यातील ज्युनिपर हिल या वाडीत झाला. सभोवार गव्हाची सपाट शेते, मध्ये किंचित उंचवट्यावर तीसेक घरे आणि एक मद्यगृह, एवढाच तिचा विस्तार. वडील पाथरवट होते. आई लग्नापूर्वी दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळीत असे. या वाडीच्या आठवणी बाईंनी ‘लार्क राइझ’ या पुस्तकात लिहिल्या. लार्क म्हणजे चंडोल. त्या शेतांतून चंडोल फार, म्हणून वाडीला त्यांनी हे नाव दिले. स्वतःला त्यांनी लॉरा म्हटले आणि धाकट्या भावाला एडमंड. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३९ साली. तेव्हा बाई बासष्ट वर्षांच्या होत्या.

वाडीतील बहुतेक पुरुष शेतमजूर. मजुरी आठवड्याला दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. त्यातून एक-दोन शिलिंग घरभाड्याचे जावयाचे आणि उरलेल्यात मुलाबाळांनी भरलेले घर चालवावयाचे. गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी. एकाच भांड्यात सारा स्वयंपाक शिजे: कोबी एका जाळीत, बटाटे दुसरीत, फडक्यात गुंडाळलेला पिठाचा गोळा, आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा लहानसा तुकडा. तो तुकडा वाटून आल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला केवळ चव येत असे.

हे मांसही घरचेच. प्रत्येक घरामागे किंवा शेजारी डुकराचे खुराडे असे. आपल्यापैकी कित्येकांना हे रुचणार नाही. परंतु आपल्याकडे गरिबाच्या दारातील शेळीला जे मोल, तेच तेथे या प्राण्याला होते. शाळेतून परतताना मुले त्याच्यासाठी रानपाला आणि गोगलगायी गोळा करून आणीत. रविवारी सकाळी पुरुष एकमेकांच्या खुराड्यापाशी उभे राहून जनावराची प्रशंसा करीत. पुष्कळदा त्याच्या खाद्याचे पीठ उधारीवर आणलेले असे आणि तयार होण्यापूर्वीच अर्धे डुक्कर पीठवाल्याकडे गहाण पडलेले असे. गरिबीचा हिशेब इतक्या सहजपणे सांगणारी लेखिका मारलेल्या जनावराविषयी लॉराला वाटलेली कणवही विसरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून त्या दोन्ही सांगतात.

शाळा दीड मैलावरच्या गावात. थंडीत कित्येक आया निघतेवेळी मुलांच्या हातात दोन भाजलेले गरम बटाटे देत. वाटेत बोटे शेकावयाची आणि शाळेत पोचल्यावर तेच खावयाचे! सुगी संपली की बायका व मुले कापलेल्या शेतांतून पडलेली कणसे वेचीत. आपण ज्याला सरवा वेचणे म्हणतो, तेच हे. दोन-तीन आठवडे वाकून वेचलेला हा गहू घरी झोडपून गिरणीत जाई. दळणावळीबद्दल गिरणीवाला त्यातलेच थोडे पीठ ठेवून घेई. पिठाचे पोते घरी आले म्हणजे बाई ते पुढल्या खोलीत खुर्चीवर मांडून ठेवी. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे, आत डोकावून शाबासकी द्यावी, एवढीच तिची हौस.

वाडीतल्या वृद्धांना याहून बरे दिवस आठवत होते. सभोवतीचे माळरान मोकळे होते तेव्हा गाय, हंस, कोंबड्या त्यावर चरत. पुढे ते माळरान कुंपणांत गेले आणि त्यावर जगणारा माणूस रोजंदारीला लागला. क्वीनी नावाची म्हातारी हाताने लेस विणीत असे. लहानपणी शिकलेली ती कला तिने जन्मभर जोपासली. परंतु यंत्रावरची स्वस्त लेस आली आणि विकत घेणारे उरले नाहीत. बाईंनी हे आक्रोश न करता लिहिले आहे. पुरुष संध्याकाळी मद्यगृहात जमत, पेलाभर बीअर थेंबाथेंबाने पुरवीत आणि जुनी गाणी गात. ते आनंदी होते, असे बाई निःसंकोच सांगतात. मात्र त्या आनंदाचे श्रेय त्या गरिबीला देत नाहीत. मोठेपणी बालपणाकडे वळून पाहताना आपण नेमके तेथेच चुकतो.

वयाच्या चौदाव्या वर्षी फ्लोरा शेजारच्या गावी डाकघरात नोकरीस लागली. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पुढचे जे काही, ते वाचनाने मिळवलेले. विवाह, मुले, संसार यांतून सवड काढून त्या लिहीत राहिल्या. ‘लार्क राइझ’नंतर १९४१ व १९४३ साली आणखी दोन भाग आले आणि १९४५ साली तिन्ही एकत्र छापले गेले. १९४७ साली बाईंचे निधन झाले.

ज्या भावाबरोबर त्या शाळेची वाट तुडवीत असत, तो १९१६ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुस्तक संपते ते चर्चच्या भिंतीवरील एका पितळी पाटीपाशी. एवढ्याशा वस्तीतून गेलेले अकरा जण परतले नाहीत. पाटीवर पाच-पाच नावांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्याखाली शेवटचे, एकटे नाव आहे एडमंडचे.

श्रोतेहो, हे शेवटचे वाक्य वाचून मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडले, तेव्हा ते मला वेगळे वाटले. गरम बटाटे हातात घेऊन थंडीत चालणारी ती मुले कोण होती, हे आता मला ठाऊक होते. सरकारी दप्तरात अशा माणसांची मजुरी नोंदली जाते आणि पाटीवर मरण. मधले सारे आयुष्य कोठेच नोंदलेले नसते. ते कोणीतरी, शिलिंग न् शिलिंग मोजून, प्रेमाने आठवावे लागते. डाकघरातल्या एका मुलीने चाळीस-पन्नास वर्षांनी ते आठवले, म्हणून ती तीस घरे अद्याप उभी आहेत.