लोणारचे सरोवर आणि श्रद्धेची दृष्टी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराकडे प्रथमच जाणारा प्रवासी काठावर येताच थबकतो. सभोवार काळ्या मातीची शेते, आणि एकाएकी पायांखाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर! उतारांवर दाट झाडी, तळाशी निश्चल, हिरवट पाणी. पुराणकथा सांगते की, विष्णूने येथे लवणासुराचा वध केला. शास्त्रज्ञ सांगतात की, हजारो वर्षांपूर्वी आकाशातून कोसळलेल्या अशनीने कठीण बेसाल्ट खडकात हा खळगा पाडला. दोन्ही कथा आघाताच्याच आहेत.

फुलात, चांदण्यात, पहिल्या पावसात ईश्वर पाहणे फारसे कठीण नाही. परंतु जेथे धरणीलाच घाव बसला, तेथे त्याचे सौंदर्य कसे पाहावे? ख्रिस्ती श्रद्धेची खरी कसोटी येथेच लागते. येशूने शिष्यांना रानातील फुलांकडे पाहावयास सांगितले, तो उपदेश सर्वांना ठाऊक आहे. पण तोच येशू पुढे क्रूसावर गेला. म्हणून त्याच्या भक्ताला सृष्टीचे सौंदर्य घाव वगळून पाहता येत नाही.

मराठीत ही दृष्टी ज्यांनी आचरून दाखविली, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलांवर आणि मुलांवर त्यांचे प्रेम सारखेच होते. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीचे दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात वाचावयास मिळते. इतके सोसूनही टिळकांची वाणी कडवट झाली नाही. सृष्टी त्यांना पित्याचे घर वाटे, आणि त्या घराचे दार त्यांनी कोणालाही बंद केले नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, ख्रिस्ती नसताही त्यांच्या घरी पुत्रवत् राहिले.

लोणारच्या पाण्यानेही असाच एक धडा दिला आहे. हे पाणी इतके क्षारयुक्त होते की, त्यात मासे जगत नसत. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. कोणी चकित झाले, कोणी भ्याले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने हा रंग आल्याचे कळले. कारण कळल्याने सौंदर्य उणे झाले काय? मुळीच नाही. ज्या पाण्यात मासाही तगत नसे, तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी अवघे सरोवर रंगविले! बायबलातील १०४ वे स्तोत्र लहानमोठ्या सर्व जीवांना ईश्वराच्या हातून अन्न मिळते असे गाते. त्या गणतीत हे जीवही आलेच. शास्त्र रंगाचे कारण सांगते. त्या रंगापुढे कृतज्ञ कसे व्हावे, हे श्रद्धा शिकविते.

आणि कृतज्ञतेच्या मागोमाग कर्तव्य येते. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि जो या काठावर ईश्वराची स्तुती करितो आणि जाताना कचरा टाकून जातो, त्याची स्तुती ओठांपुरतीच म्हणावयाची.

या विवराच्या काठावर गोड्या पाण्याची एक धार अखंड वाहते. खाली क्षार, वर अमृत. श्रद्धाळू मनुष्य या धारेने ओंजळ भरतो, पण खालचे खारे पाणीही त्याच हाताने निर्मिले आहे, हे विसरत नाही.