खडकातली चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली जरा हिणवूनच वापरतो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीतली कविता. मूळ शब्द मात्र धुळीतला आहे. गाड्यांची चाकं पुन:पुन्हा एकाच जागेवरून गेली की जी खोल रेघ पडते, ती चाकोरी. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात गर्न्सी नावाचं गाव आहे. तिथं अशी चाकोरी आहे, पण मातीत नव्हे, वालुकाश्माच्या खडकात. काही ठिकाणी ती पाच फूट खोल आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या उन्हापावसानंही ती बुजलेली नाही. ती पाडणारे लोक कोण होते आणि ती कुणाच्या जमिनीवर पडली, याविषयी आज मला बोलायचं आहे.

या वाटेचं नाव ओरेगॉन ट्रेल. मिझुरी नदीच्या परिसरातल्या इंडिपेंडन्स गावापासून पश्चिमेकडच्या ओरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यापर्यंत सुमारे २ हजार मैल. १८४३ साली जवळपास हजार माणसांचा पहिला मोठा तांडा या वाटेनं गेला. पुढं १८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि गाड्यांची रीघ लागली. १८४० ते १८६० या वीस वर्षांत सुमारे ३ लाख माणसं ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेली. घरदार सोडून का निघाली? १८३७च्या मंदीनं शेतकरी बुडाला होता, मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवतापानं घरं पोखरली होती आणि पश्चिमेला काळीभोर जमीन मिळते असं कानावर येत होतं. भूमिहीनाला जमिनीची हाक ऐकू येते, ती आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

या प्रवासाचा सगळा हिशेब गवत आणि बर्फ या दोन गोष्टींवर होता. गाड्या ओढायला बहुतेक बैलच असत. लवकर निघालं तर बैलांना चारा नाही, उशिरा निघालं तर डोंगरात बर्फ. म्हणून एप्रिलअखेर ते मे महिन्यात निघायचं, रोज बारा-पंधरा मैल काटायचे आणि चार ते सहा महिन्यांत पोहोचायचं. १८४६ साली डोनर कुटुंबाचा तांडा जवळच्या म्हणून सांगितलेल्या आडवाटेला लागला आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. उरलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला.

सिनेमात आपण माणसं गाडीत बसलेली पाहतो. प्रत्यक्षात बहुतेक जण, पोरंबाळंसुद्धा, पायी चालत. गाडी जेमतेम चार फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब, आणि ती सामानानंच भरलेली. त्या काळच्या एका मार्गदर्शक पुस्तकात माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस, २० पौंड साखर आणि १० पौंड कॉफी न्यावी असा सल्ला होता. बैल थकले की लोखंडी शेगड्या, कपाटं, पेट्या वाटेत टाकून द्याव्या लागत. कुणाच्या माहेरचं, कुणाच्या आजीचं, सगळं रस्त्याकडेला.

या प्रवासातल्या बायकांनी रोजनिशा लिहिल्या, हे आपलं भाग्य. त्यांतला एक तपशील मला फार जवळचा वाटतो. प्लॅट नदीच्या खोऱ्यात झाडं नाहीत, मग चूल कशावर पेटवायची? तर बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्यांच्या, वाळलेल्या शेणावर. आपण ज्याला रानशेणी म्हणतो, तेच. आधी नाक मुरडणाऱ्या बायका पुढं ओचे भरभरून त्या वेचू लागल्या. सकाळचं दूध भांड्यात घालून गाडीला टांगलं की हादऱ्यांनी संध्याकाळी लोणी तयार! घर मोडलं होतं, पण संसार चालूच होता.

आणि मरणही चालूच होतं. अभ्यासकांच्या अंदाजानं दर शंभरांत चार ते सहा माणसं वाटेत गेली. सिनेमा सांगतो तशी बाणांनी नव्हे, तर पटकीनं, नदीत बुडून, चाकाखाली सापडून, स्वत:चीच बंदूक चुकून उडून. १८४९ ते १८५२ या काळात पटकीनं कहर केला. सकाळी चालणारा माणूस रात्री नसे. जॉन अन्रू या इतिहासकाराच्या मोजणीप्रमाणे १८४० ते १८६० या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. गाड्यांचं ते प्रसिद्ध रिंगणसुद्धा मुख्यत: जनावरं रात्री भरकटू नयेत म्हणून असे. कित्येक ठिकाणी याच मूळ रहिवाशांनी प्रवाशांना नदीपार नेलं, मासे विकले, वाट दाखवली.

मेलेल्याला पुष्कळदा वाटेतच पुरत आणि वरून गाड्या हाकत, म्हणजे लांडग्यांना वास लागू नये. आमच्याकडे मयतीला आलेला प्रत्येक जण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. त्या मुठींतच निरोप असतो. इथं आईनं आपल्या लेकराच्या कबरीवरून स्वत:चीच गाडी जाताना पाहायची, आणि मागं वळून पाहिलं तर कबर नाही, फक्त चाकोरी.

या माणसांविषयी मला माया वाटते. पण ज्याला ती 'मोकळी जमीन' म्हणत, ती मोकळी नव्हती. ती लाकोटा, शायेन, पॉनी, शोशोनी, केयूस अशा अनेक जमातींची होती. बैलांनी प्लॅटकाठचं गवत खाल्लं, तांड्यांनी होती नव्हती ती झाडं तोडली, बायसनचे कळप दूर गेले. १८४७ साली गोवराच्या साथीनं केयूस लोकांची पोरं पटापट मेली. १८५१च्या फोर्ट लॅरमी करारात जमातींनी वाट वापरू द्यायची आणि सरकारनं दरवर्षी ५० हजार डॉलर किमतीचा माल द्यायचा, असं ठरलं. मुदत होती ५० वर्षांची. वॉशिंग्टनमधल्या सिनेटनं ती कापून १० वर्षांवर आणली. त्याआधीच, १८५०च्या कायद्यानं ओरेगॉनमध्ये गोऱ्या जोडप्याला ६४० एकर जमीन देऊ केली होती. ज्यांची जमीन, त्यांच्याशी करारमदार व्हायचे बाकी असताना!

त्यातही आणखी एक पायरी होती. १८४४ साली ओरेगॉनच्या वस्तीनं कृष्णवर्णीयांना तिथं राहायला बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन बुश हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबासह ही सगळी वाट तुडवून आला होता. तो आणि त्याचे गोरे सोबती कोलंबिया नदीच्या उत्तरेला जाऊन वसले. मागून आलेल्या भुकेल्या वस्तीकऱ्यांना बुशनं धान्य दिलं. त्याच्या जमिनीवरचा हक्क मान्य करायला मात्र १८५५ साली अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. मताचा हक्क त्याला कधीच मिळाला नाही.

१८६९च्या मे महिन्यात पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली आणि गाड्यांची रीघ ओसरू लागली. एझ्रा मीकर नावाचा माणूस तरुणपणी, १८५२ साली, या वाटेनं पश्चिमेला गेला होता. वाट नांगरली जातेय, लोक ती विसरताहेत, हे पाहून १९०६ साली वयाच्या पंचाहत्तरीत तो पुन्हा बैलगाडी जुंपून उलट दिशेनं निघाला आणि गावोगाव स्मारकाचे दगड उभे करवत गेला. त्याचं मोठं काम झालं. १९७८मध्ये ही वाट राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून जाहीर झाली.

चालणाऱ्यांचे दगड उभे राहिले, हे चांगलंच झालं. ज्यांच्या अंगणातून वाट गेली, त्यांचं दु:ख मात्र फार उशिरा लिहिलं जाऊ लागलं. चाकोरी पाहताना आपण गाडी कुठं गेली ते पाहतो. चाकाखालच्या जमिनीलाही विचारलं पाहिजे, 'बाई, तू कुणाची होतीस?'