एक खोली, एक लेख

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'परदेशातले अनुभव'. माझे अनुभव तुम्ही आपल्या ग्रुपवर फोटोंत पाहिलेच आहेत. बर्फ, मंडळाचा गणपती, गाडीच्या डिकीत कोंबलेली किराण्याची पोती. त्यात नवीन काही नाही. म्हणून आज मी माझ्याऐवजी एका वेगळ्याच माणसाबद्दल बोलणार आहे. तो आपल्या गावचा नाही, आपल्या देशाचाही नाही, आणि मी त्याला कधी भेटलेले नाही. पण अमेरिकेत मी सहा वर्षं जिथे नोकरी केली, तिथून अर्ध्या तासावर त्याची प्रयोगशाळा होती आणि त्याने उभं केलेलं एक घर होतं. दुपारी आपल्याला शाळेसाठी जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरवायचं आहे. त्याआधी या माणसाची गोष्ट तुमच्या कानावर घालावी असं वाटतं.

त्याचं नाव अझीझ सांजार. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण 'सँकार' म्हणतो, पण तुर्की भाषेत ते अक्षर 'ज' म्हणून वाचतात. जन्म १९४६ चा, तुर्कस्तानच्या आग्नेय भागातल्या मार्दिन प्रांतात, सावूर नावाच्या लहानशा गावी. आठ भावंडांत सातवा. आईवडील शिकलेले नव्हते, पण मुलांनी शिकलंच पाहिजे याबद्दल ठाम होते. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी हेच होतं.

त्याच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण समोर आपले शिक्षक बसले आहेत. तुर्कस्तानात १९४० साली खेड्यांसाठी शिक्षक घडवणाऱ्या निवासी संस्था सुरू झाल्या. खेड्यातलीच मुलं-मुली निवडायची, त्यांना पुस्तकी विषयांबरोबर शेती आणि बांधकामही शिकवायचं आणि पुन्हा खेड्यात शिक्षक म्हणून पाठवायचं, अशी ती योजना होती. राजकारणात त्या संस्था टिकल्या नाहीत, १९५४ मध्ये बंद झाल्या. पण तिथून बाहेर पडलेले शिक्षक शिकवत राहिले, आणि सावूरच्या शाळेत त्यांच्यातले काही होते. नोबेल मिळाल्यावरही सांजार या शिक्षकांचं ऋण सांगतात. योजना चौदा वर्षांत संपली, पण तिचा एक विद्यार्थी पुढे कुठवर पोचला ते पाहा.

मुलगा हुशार होता आणि फुटबॉलमध्ये चांगला गोलकीपर होता. त्याला खरं तर रसायनशास्त्र शिकायचं होतं. पण वर्गातल्या पाच मित्रांनाही मेडिकलला प्रवेश मिळाला, म्हणून तोही त्यांच्याबरोबर इस्तंबूलला मेडिकलला गेला. वर्गमित्रांचा प्रभाव आईवडिलांपेक्षा जास्त असतो, हे तिकडेही खरं आहे! १९६९ मध्ये तो डॉक्टर झाला आणि आपल्या भागात परतून प्रॅक्टिस करू लागला.

पुढे संशोधनाची ओढ लागली. तुबिताक या तिथल्या सरकारी विज्ञान परिषदेची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. तिथे काही जमलं नाही. अभ्यासाचा प्रश्न नव्हता. माणसांत मिसळता येईना, तिथली राहणी अंगवळणी पडेना. दीडेक वर्षात तो सावूरला परत आला आणि पुन्हा रुग्ण तपासू लागला. एवढ्या बुद्धीचा माणूस परका वाटतो म्हणून परत फिरतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या वेळी तो टेक्सासला, डॅलसला गेला. क्लॉड रुपर्ट नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली. तिथे त्याला जो प्रश्न सापडला तो आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल इतका सोपा आहे. जिवाणूंवर अतिनील किरण सोडले की ते मरतात. पण त्यांच्यावर लगेच निळा प्रकाश पाडला, तर त्यातले पुष्कळ जगतात. का? रुपर्ट यांनी दाखवलं होतं की, प्रकाशावर चालणारं एक विकर ही दुरुस्ती करतं. सांजारने त्या विकराचं जनुक वेगळं काढलं. १९७७ मध्ये पीएचडी झाली. आणि पुढे? तीन प्रयोगशाळांकडे अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. शेवटी येल विद्यापीठात तंत्रज्ञाची, म्हणजे लॅब असिस्टंटसारखी नोकरी धरली. नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्याचा मोठा भाग त्या नोकरीत झाला.

काम काय होतं ते दोन मिनिटांत सांगते. मी संगणकवाली, त्यामुळे माझ्या भाषेत. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक सूचनावली, आणि तिची प्रत्येक ओळ दोनदा लिहिलेली असते, समोरासमोर. ऊन लागलं की कधीकधी शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि मजकूर वाचता येईनासा होतो. पेशी मग चिकटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना कापते. जिवाणूंमध्ये बारा-तेरा अक्षरांचा तुकडा काढला जातो, माणसात सुमारे सत्तावीस. आणि समोरच्या ओळीवरून वाचून रिकामी जागा भरते. आमच्या भाषेत, बॅकअपवरून दुरुस्ती. आपण इथे बोलतोय तेव्हाही, सकाळी मैदानावर उन्हात उभे राहिलेल्या आपल्या प्रत्येकाच्या कातडीत हे चालू आहे. ही यंत्रणा जन्मतः बिघडलेली मुलं असतात, त्यांना साधं ऊन सोसत नाही आणि लहान वयात त्वचेचा कर्करोग होतो.

१९८२ पासून सांजार नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठात आहेत. २०१५ मध्ये टॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी १९ मे रोजी त्यांनी पदक अंकाराला नेऊन अतातुर्क यांच्या स्मारकाला देऊन टाकलं. ज्या प्रजासत्ताकाने आपल्याला शिकवलं त्याचं हे पदक, ही भावना त्यामागे होती.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांत आली. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

अझीझ आणि त्यांच्या पत्नी ग्वेन, त्याही त्याच विद्यापीठात जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक, या दोघांनी एक प्रतिष्ठान काढलं आणि विद्यापीठाजवळ 'तुर्क एवी' म्हणजे तुर्की घर सुरू केलं, तेही नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी. तिथे चार तुर्की संशोधकांच्या राहण्याची सोय, थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या अभ्यासकांना उतरायला जागा, आणि अमेरिकन शेजाऱ्यांनी येऊन तुर्की लोकांशी ओळख करून घ्यावी अशी व्यवस्था. चार खोल्या! नोबेलच्या मानाने किती लहान गोष्ट. पण जॉन्स हॉपकिन्समधून परत फिरलेला तो तरुण डॉक्टर आठवा. विमानतळावरून थेट जिथे जाता येईल, जिथे आपल्या भाषेत कुणीतरी 'जेवलीस का' विचारेल, अशी जागा त्याला मिळाली नव्हती. ती त्याने पुढच्यांसाठी केली. हा संबंध मी माझ्या मनाने जोडतेय, पण मला तो पटतो.

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक तुर्की मुलगी होती. ती चहाला तिकडे जायची. तिने मला दुसरी एक गोष्ट सांगितली. तिच्या घरी दर महिन्याला 'बिलिम वे तेकनिक' यायचं, म्हणजे 'विज्ञान आणि तंत्र'. ज्या तुबिताकने सांजारना शिष्यवृत्ती दिली, तीच परिषद १९६७ पासून हे मासिक काढते. परदेशात काम करणारे तुर्की शास्त्रज्ञही त्यात लिहितात. आयोवा विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ बाहरी काराचाय हे त्यांपैकी एक. त्यांनी डीएनएवर तुर्कीत सामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिलं, तेही तुबिताकनेच काढलं. माझी मैत्रीण म्हणाली, जनुक म्हणजे काय हे मला शाळेत कळलं नाही, त्या लेखांत कळलं. दिवसभर प्रयोगशाळेत इंग्रजीत काम करायचं आणि रात्री घरी बसून, हजारो मैलांवरच्या आठवीतल्या मुलीला कळेल अशा तुर्कीत ते लिहायचं. या लेखांनी बढती मिळत नाही.

आणि भाषेचं म्हणाल, तर तुर्कीत संगणकाला 'बिल्गिसायार' म्हणतात, माहिती मोजणारा. सॉफ्टवेअरला 'याझिलिम', लिहिलेलं. हे शब्द अलीकडे घडवलेले आहेत आणि रस्त्यावरचा माणूस ते वापरतो. शब्द रुळले, कारण लोक त्यांत लिहीत राहिले. आपल्याकडेही मराठी विज्ञान परिषद त्या मासिकाच्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये स्थापन झाली. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. वाट आपल्याकडेही आहे. चालणारे कमी पडतात.

आता दुपारच्या विषयाकडे येते. निधीसाठी दोन सूचना आल्या आहेत. शाळेला कमान, त्यावर आपल्या तुकडीचं नाव, किंवा दोन वर्गांत डिजिटल फळे. दोन्ही सूचना प्रेमाने केलेल्या आहेत. माझी तिसरी आहे.

आपल्या तुकडीतली एक मुलगी गणितात कायम माझ्या पुढे असायची. तिला विचारूनच सांगतेय, नाव घेत नाही. बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंगला आम्हा दोघींना प्रवेश मिळत होता. हॉस्टेलला दोघींचाही नंबर लागला नाही. तिच्या वडिलांनी एकच विचारलं, "राहणार कुठे?" माझ्याकडे उत्तर होतं. माझा मामा पुण्यात होता, दोन खोल्यांत पाच माणसं, आणि मामीने स्वयंपाकघरात माझी गादी घातली. तिला पुण्यात मामा नव्हता. तिने इथेच राहून डी.एड. केलं. आज ती उत्तम शिक्षिका आहे आणि तिची कीव करण्याचं काही कारण नाही. पण निवड तिची नव्हती. आमच्या दोघींमधला फरक गुणांचा नव्हता, गादी घालायला लागणाऱ्या सहा फूट जागेचा होता.

मी मुख्याध्यापक सरांकडून माहिती घेतली. गेल्या वर्षीही दोन मुली याच कारणाने गेल्या नाहीत. तीस वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. पुण्यात शाळेच्या मुलींसाठी एक लहान फ्लॅट भाड्याने घ्यायचा. तीन मुलींची सोय होईल. कमानीच्या अंदाजपत्रकात दोन वर्षांचं भाडं निघतं, हिशेबाचा कागद मी आणला आहे. तुमच्या शंका मला माहीत आहेत. मुलगी आजारी पडली तर? जबाबदारी कुणाची? सोसायटीवाले काय म्हणतील? भाडेकरार माझ्या नावावर होईल. आपल्या तुकडीतले नऊ जण पुण्यात राहतात, त्यांतल्या चौघींशी मी बोलले आहे. आठवड्यातून एकदा एक जण जाऊन येईल. दोन वर्षांनी पैसे संपले तर पुन्हा मागायला मीच उभी राहीन.

दुसरी मागणी पैशांची नाही. आपल्यात डॉक्टर आहेत, वायरमन आहेत, द्राक्ष बागायतदार आहेत, बँकेतले आहेत, माझ्यासारखे संगणकवाले आहेत. प्रत्येकाने वर्षातून एकदा, आपल्या कामातली एक गोष्ट आठवीच्या मुलांना कळेल अशा मराठीत लिहून शाळेला पाठवायची. दोन पानं. ट्रान्सफॉर्मर का उडतो, द्राक्षावर डाऊनी कसा येतो, पासवर्ड बँकेत कसा साठवतात. 'मराठीत शब्द नाहीत' असं म्हणू नका. इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, वाक्य मराठी ठेवा. शास्त्राच्या बाईंनी ते लेख तपासायचं कबूल केलंय. लाल पेन त्यांच्याकडे अजून आहे, त्यामुळे जपून लिहा!

कमान सगळ्यांना दिसते, फ्लॅट कुणाला दिसणार नाही आणि त्यावर आपलं नावही असणार नाही, हे खरं आहे. तुम्ही विचार करून मत द्या. तीन वाजता दहावी 'अ'च्या वर्गात बसतोय. जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, त्यामुळे आजच ठरलं तर याच वर्षीच्या मुलींना उपयोग होईल.