स्वस्त कॅमेऱ्याची पारख

जळगाव वा धुळ्याच्या बाजारात अल्प किमतीचा छोटा डिजिटल कॅमेरा पारखताना, खोक्यावरील मेगापिक्सेलच्या ठळक आकड्याने जे भारावून जातात, त्यांना एवढेच निवेदन की, अशा कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही सेन्सर बहुधा सुमारे ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढाच असल्यामुळे, त्यावर बिंदूंची गर्दी वाढवून मंद प्रकाशातील चित्र सुधारत नाही. खरी कसोटी अजिंठ्याच्या लेण्यांत. तेथे फ्लॅशला मनाई असल्याने हात किंचित हलला तरी पद्मपाणी बोधिसत्त्वाचे भित्तिचित्र धूसर येते. लळिंगच्या किल्ल्यावर, भर उन्हात तर कोणताही कॅमेरा शहाणाच ठरतो! झूमचेही असेच: डिजिटल झूम चित्राच्या कडा छाटून उरलेला भाग केवळ फुगवतो. सबब खरेदीपूर्वी भिंगाच्या, म्हणजे ऑप्टिकल झूमचीच खातरजमा करावी.