कुंपणावरची लिंबोणी

शहरांतल्या घराभोंवतीं आतां बाग अशी क्वचितच उरते. घराची भिंत आणि शेजाऱ्याचें कुंपण यांमध्यें सहा-सात फुटांची एक पट्टी मोकळी राहते. तींत तुळशीवृंदावन, दोन जास्वंदी आणि पाण्याचा नळ एवढें मावलें म्हणजे जागा संपली. अशा घरांतल्या गृहिणीस वरणभातावर पिळावयास घरचें लिंबू असावें असें वाटतें, आणि गृहस्थास वाटतें कीं, लिंबोणी लावली तर चार वर्षांत जाण्यायेण्याची वाट बंद होईल. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. मोकळी वाढलेली कागदी लिंबोणी दहा-बारा फूट पसरते, आणि तिचे कांटे आल्यागेल्याचा पदर सोडीत नाहींत. पुष्कळ घरीं हा वाद एके दिवशीं कुऱ्हाडीनें मिटतो. आणि तो मिटतो त्या वेळीं झाड नुकतेंच फळूं लागलेलें असतें.

हा प्रसंग टाळण्याची एक जुनी युक्ति आहे. झाडास चहूंकडे वाढूं न देतां कुंपणाशीं समांतर, शिडीच्या पायऱ्यांसारखें, एकाच पातळींत पसरवावयाचें. युरोपांत या पद्धतीस एस्पालियर म्हणतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठीं ला कँतिनी या उद्यानपंडितानें १६७८ ते १६८३ या काळांत व्हर्साय येथें जी फळबाग उभारली, तिच्यांत फळझाडें अशींच भिंतींवर पसरविलेलीं होतीं. ती बाग आजहि पाहावयास मिळते. थंड देशांत या रीतीचें मर्म उबेंत आहे. दगडी भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्रीं तीच ऊब झाडास परत देते. इटलींत गार्दा सरोवराच्या कांठीं लिंबांच्या बागांना पाठीशीं उंच भिंत, पुढें दगडी खांबांच्या रांगा आणि हिवाळ्यांत वर फळ्या व काचा, असा थाट असे. जर्मन कवि गटे १७८६ सालीं त्या सरोवरांतून जात असतां त्याच्या दृष्टीस या बागा पडल्या होत्या.

महाराष्ट्रांत कारण निराळें आहे. येथें उबेची वाण नाहीं. वाण आहे ती जागेची. म्हणून युरोपची भिंत जशीच्या तशी येथें आणूं नये. पश्चिमेच्या उन्हानें तापलेल्या भिंतीस टेकलेली लिंबोणी वैशाखांत भाजून निघते, तिची साल तडकते. दोन्ही बाजूंनीं वारा खेळेल असें तारेचें कुंपणच तिला मानवतें. भिंतच असेल तर झाड तिच्यापासून निदान वीतभर दूर ठेवावें. दिवसांतून पांच-सहा तास ऊन मात्र मिळालेंच पाहिजे.

या कामास कागदी लिंबू सर्वांत सोयीचें, कारण त्याच्या कोंवळ्या फांद्या सहज वांकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा साई सरबती हा वाण प्रसिद्ध आहे. नागपुरी संत्र्याची कीर्ति मोठी, २०१४ सालीं त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें; पण तें झाड सरळ वर चढणारें, म्हणून नवख्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

पावसाळ्याच्या आरंभीं दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन कुजलेलें शेणखत आणि माती यांनीं तो भरावा. जमीन काळी व चिकण असेल तर झाड थोड्या उंचवट्यावर लावावें. या जातीस मुळाशीं सांचलेलें पाणी सोसत नाहीं. बुंधा ओला राहिला कीं डिंक्या रोग लागतो. त्याकरितां दुहेरी आळें करावें: आंतलें कोरडें, बाहेरच्यांत पाणी. कुंपणाच्या खांबांवर जमिनीपासून दीड, तीन, साडेचार व सहा फुटांवर चार तारा ताणाव्या. दोन झाडें लावावयाचीं असल्यास मध्यें आठ फूट अंतर असावें.

रोप पहिल्या तारेपर्यंत आलें कीं शेंडा तारेच्या किंचित् खालीं छाटावा. मग जे फुटवे येतील त्यांपैकीं तीनच राखावे: एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक सरळ वर. बाजूचे फुटवे प्रथम तिरपे बांधावे आणि हळूहळू तारेच्या पातळीस आणावे. एकदम आडवे केले तर त्यांचा जोर खुंटतो आणि पाठीवर पाणसोट उभे राहतात. बांधणी मऊ सुतळीची, आठाच्या आंकड्यासारखी व सैल असावी. फांदी हिरवी आहे तोंवर वांकते. काष्ठ झाल्यावर तिच्याशीं झटापट केली तर ती मोडते, आणि तो मजला कायमचा लंगडा राहतो. वरचा फुटवा पुढच्या तारेस पोंचला कीं हाच क्रम. वर्षाला एक मजला, असा चार वर्षांचा हिशेब धरावा.

वाटेकडे किंवा भिंतीकडे तोंड केलेला अंकुर दोन बोटें वाढतांच नखानें खुडावा. परंतु मेंदीच्या कुंपणासारखी सरसकट कात्री चालवूं नये. लिंबाचीं फुलें नव्या फुटीवर येतात. सगळे शेंडे कापले म्हणजे बहारच कापला. फळें उतरल्यावर वाळक्या, रोगट आणि आडवाटेस गेलेल्या तेवढ्याच फांद्या काढाव्या, व हें काम पावसापूर्वीं संपवावें. पावसाच्या शिंतोड्यांनीं खैऱ्या रोग पसरतो, आणि ताजी जखम त्यास उघडें दारच होय. त्यावर बोर्डो मिश्रण उपयोगी पडतें: एक लिटर पाण्यास दहा ग्रॅम मोरचूद व दहा ग्रॅम चुना. दोन्ही मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळीं विरवून मग एकत्र करावीं, आणि स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजावें. फवारलेल्या झाडाचीं फळें धुवून घ्यावीं. पानें खाणारी अळी लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणीं हिरवी होते. एका झाडावर ती हातानें वेंचणें पुरेसें आहे, आणि हें काम घरांतल्या मुलांना फार आवडतें.

कुंपणावरच्या झाडास दोन घरें असतात. त्याचा सुवास पलीकडे जातो, पानें पलीकडे पडतात, आणि पाठीकडचे अंकुर खुडावयास शेजाऱ्याच्या अंगणांत पाय ठेवावा लागतो. म्हणून खड्डा खणण्यापूर्वीं शेजाऱ्याचा विचार घ्यावा, आणि तारेपलीकडे लोंबलेलें लिंबू त्याचेंच समजावें. घरांतहि आधींच ठरवावें कीं, चार वर्षें आठवड्यास अर्धा तास या झाडास कोण देणार. तेवढें ठरत नसेल तर लिंबें मंडईंतून आणलेलीं बरीं. तें ठरलें, तर दीड-दोन फूट जाडीची ती हिरवी भिंत वाटहि अडवीत नाहीं आणि कुऱ्हाडीसहि निमित्त देत नाहीं.